गेटाबाहेरच्या चपला

साहेबांच्या बंगल्यावर मी पहिल्यांदा गेले तो बुधवार होता. हे मला नंतर आठवून काढावं लागलं, कारण त्या दिवशी वाराकडे माझं लक्षच नव्हतं. गंगापूर रोडवरून आत वळून घर शोधता शोधता मी घामाघूम झाले होते. एका गेटासमोर कडुनिंबाखाली एक माणूस उभा होता, त्यालाच विचारलं, "न्यायमूर्तींचा बंगला हाच का?" त्याने नुसती मान हलवली. पन्नाशीचा असेल. अंगात धुवून धुवून विरलेला पांढरा सदरा, काखेत कापडी पिशवी. पायात काही नव्हतं. चपला गेटाच्या खांबाशी जोडीने काढून ठेवलेल्या होत्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. मला वाटलं, इथला माळी असेल.

मी आत गेले. तो आला नाही.

हे लिहावं की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. यात माझी बाजूही फार चांगली नाही. पण लिहिलं नाही तर ते तसंच राहील, आणि एखादी गोष्ट तशीच राहू देणं म्हणजे काय, हे मी त्या घरात पाहिलं आहे.

तेव्हा मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमचं गाव हरसूलच्या पुढे, डोंगरात. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. आबा, म्हणजे माझे वडील, सातबाऱ्यावरची एक चूक दुरुस्त करून घ्यायला तहसील कचेरीत जायचे, तेव्हा वाचायला मला बरोबर न्यायचे. साहेबाच्या खोलीबाहेर ते चपला काढायचे. मी म्हणायचे, "आबा, इथं कोणीच काढत नाय." ते म्हणायचे, "काढल्यानं आपलं काय झिजतं का?" एकदा त्या चपला चोरीला गेल्या आणि आबा तापल्या डांबरावरून एसटी स्टँडपर्यंत अनवाणी चालत आले. पुढच्या खेपेला नव्या चपला त्यांनी पुन्हा बाहेर काढल्या. मी वकील व्हायचं ठरवलं ते त्या दिवशी. का, ते मला नीट सांगता येत नाही.

कॉलेजातल्या आमच्या सरांनी मला साहेबांकडे पाठवलं. साहेब उच्च न्यायालयातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. काचबिंदूने एक डोळा गेला होता, दुसऱ्याला फक्त उजेड आणि अंधार कळायचा. त्यांना आठवणींचं पुस्तक करायचं होतं. ते सांगणार, मी लिहायचं, मग वाचून दाखवायचं. सोमवार, बुधवार, शनिवार, दुपारी दोन ते पाच. पुस्तक पुरं झालं की मुंबईच्या एका ज्येष्ठ वकिलांच्या नावे ते मला पत्र देणार होते. त्या चेंबरमध्ये ओळखीशिवाय विद्यार्थ्यांना कामाला घेत नाहीत, आणि माझी ओळख म्हणजे हरसूल गाडीचा कंडक्टर. सर म्हणाले, "पत्र मिळालं तर मार्गी लागशील. तेव्हा जपून."

पहिल्या दिवशी साहेब खुर्चीत ताठ बसले होते. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. माझं नाव-गाव विचारून झालं. मग ते थांबले आणि मान थोडी खिडकीकडे वळवली.

"बाहेर कोणी आहे का?"

"हो सर. तुमचा माळी आहे वाटतं. झाडाखाली उभा आहे."

"माझ्याकडे माळी नाही," साहेब म्हणाले. मग आतल्या बाजूला आवाज दिला, "मावशी, खिडकी लावून घ्या."

मे महिना होता. खिडकी लागली, पडदा ओढला गेला, आणि आम्ही दिवा लावून लिहायला बसलो.

साहेबांचं आयुष्य ऐकताना मात्र मी सगळं विसरून जायचे. त्यांचे वडील पंचवटीत यात्रेकरूंची पूजा सांगायचे. मुलाने पोथी सोडून काळा कोट घातला, तो कोटही पहिलं वर्षभर उसना होता. पहिली केस सायकलचोरीची. साहेबांनी रात्रंदिवस अभ्यास केला, तासभर युक्तिवाद केला, आणि शेवटी मॅजिस्ट्रेट म्हणाले, "वकीलसाहेब, उत्तम. पण तुमच्या आरोपीने सकाळीच गुन्हा कबूल केलाय." हे सांगताना साहेब स्वतः हसायचे, खोकला येईपर्यंत. नाशिकच्या कोर्टात वीस वर्षं, मग मुंबई, मग सरकारी वकील, आणि एक दिवस न्यायमूर्ती. शपथ घेतली त्या दिवशी वडील हयात नव्हते. आई होती. तिने विचारलं, "म्हणजे आता तू कोणाकडून बोलायचं?" साहेब म्हणाले, "कोणाकडूनच नाही. आता ऐकायचं." हे वाक्य लिहून मी त्याखाली रेघ ओढली होती.

निकाल लिहायची त्यांची एक पद्धत होती, तिचा त्यांना फार अभिमान. ते कधी स्टेनोला निकाल सांगत नसत. आधी पेन्सिलीने लिहायचे, मग शाईने, मग पुन्हा शाईने. प्रत्येक वेळी मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे. "निकाल मुरू द्यावा लागतो," ते म्हणायचे.

चहा घेऊन आलेल्या मावशी एकदा म्हणाल्या, "लोणचं हाय का, साहेब?"

"लोणच्यापेक्षा कठीण, मावशी. लोणचं बिघडलं तर टाकून देता येतं."

मावशी विंचूरच्या. साहेबांची पत्नी गेल्यापासून घर त्याच चालवत होत्या. साहेबांना उलट बोलायची हिंमत असलेलं ते एकच माणूस होतं.

दुसऱ्या बुधवारी तो माणूस पुन्हा तिथेच होता. तिसऱ्याही. दोन-अडीचला यायचा, चपला काढायचा, चार वाजेपर्यंत उभा राहायचा, आणि चपला घालून जायचा. बोलायचा नाही, बेल वाजवायचा नाही. साहेबांना तो दिसत नव्हता, पण बंद खिडकीतूनही त्याचा खोकला ऐकू यायचा. तो खोकला आला की साहेब वाक्य अर्धं सोडायचे. मी पेन धरून बसून राहायचे. मग ते म्हणायचे, "कुठपर्यंत आलो होतो?"

मी स्वयंपाकघरात मावशींना विचारलं.

"दोन वर्षं झाली," त्या कांदा चिरता चिरता म्हणाल्या. "बुधवारच्या बाजाराला येतो. टोपल्या, सुपं इकतो गोदाकाठी. माल खपला की हिकडं."

"पण का?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. देव्हाऱ्यातल्या फोटोमागून घडी घातलेला एक कागद काढला. "पहिल्यांदा आला तवा ही चिठ्ठी दिली होती. मी साहेबांना वाचून दाखवली. म्हणाले, फाडून टाका. मी म्हणलं, कोणाचं काय असतं, आपण कशाला फाडा."

शाळकरी अक्षरात एका अपिलाचा नंबर होता. त्याखाली एक ओळ: 'साहेबांनी माझा निकाल काय लिहिला होता तेवढं सांगावं.'

"काहीतरी करून जेलात जाऊन आलाय," मावशी म्हणाल्या. "नाशिकरोडला. साहेबांनीच टाकला असंल. मला तर त्या पिशवीची भीती वाटते, पोरी. त्यात कोयता असला म्हंजे?"

"दोन वर्षं कोयता घेऊन कोणी नुसतं उभं राहील का, मावशी?"

"तेच तर. नुसतं उभा राहतो त्याचीच भीती वाटते."

त्या दिवसापासून मी गेटातून आत जाताना पिशवीकडे बघायला लागले. तो माझ्याकडे बघायचा नाही. दाराकडे बघायचा.

पावसाळा सरत आला तेव्हा आम्ही शेवटच्या प्रकरणांपर्यंत आलो होतो. एका सोमवारी साहेबांनी विलंबावरचं प्रकरण सांगितलं. न्यायाला लागणारा उशीर, पडून राहणारी कामं, तारखांवर तारखा. फार चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "लिही. माझ्या संपूर्ण कारकिर्दीत मी एकही निकाल तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ राखून ठेवला नाही. याचं मला समाधान आहे."

निकाल राखून ठेवणं म्हणजे दोन्ही बाजू ऐकून झाल्या, पण निकाल आज नाही, नंतर वाचणार. वाचेपर्यंत सगळे थांबतात. जेलमध्ये असलेला माणूस जेलमध्ये थांबतो. मी ते वाक्य लिहिलं. मला ते आवडलंही होतं.

मग त्यांना निरोपसमारंभातलं भाषण हवं झालं, पुस्तकाच्या शेवटी जोडायला. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी माझ्याकडे दिला. "माळ्यावर दोन ट्रंका आहेत. हिरवीत असेल."

हिरवी होती की करडी, तेच कळेना. दोन्हींचा रंग उडालेला होता. पहिली किल्ली ज्या ट्रंकेला लागली ती मी उघडली. भाषण नव्हतं. तळाशी लाल बासनात बांधलेला एक गठ्ठा होता. गाठ सोडली. साहेबांचं अक्षर मी तोवर ओळखू लागले होते. इंग्रजीत, शाईने लिहिलेली सव्वीस पानं, काही ठिकाणी पेन्सिलीच्या दुरुस्त्या. पहिल्या पानावर अपिलाचा नंबर.

तो नंबर मी आधी पाहिला होता. पण खात्री म्हणून खाली जाऊन चिठ्ठी पुन्हा पाहिली. मावशी मिक्सर चालवत होत्या, त्यांना कळलं नाही.

मी माळ्यावर परत जाऊन, उकिडवं बसून ती पानं वाचली. आठवडे बाजारात झालेली मारामारी. एक माणूस डोक्यात काठी लागून मेलेला. दहा वर्षांची शिक्षा. साक्षीदार दोन. साहेबांनी एकेक साक्ष उलगडली होती. कोण कुठे उभा होता, मध्ये बैलगाड्या होत्या, ज्या जागेवरून पाहिल्याचं सांगितलं तिथून काठी कोणाच्या हातात होती हे दिसूच शकत नव्हतं. इतकं स्वच्छ लिहिलेलं मी कधी वाचलं नव्हतं. शेवटच्या पानावर: अपील मंजूर. शिक्षा रद्द. आरोपीस निर्दोष मुक्त करावे, अन्य प्रकरणात आवश्यक नसल्यास ताबडतोब सोडावे.

त्याखाली तारखेची जागा मोकळी होती. सहीची जागा मोकळी होती.

आम्हाला वर्गात शिकवलं होतं. उघड्या न्यायालयात वाचला नाही, सही झाली नाही, तर तो निकाल नव्हे. न्यायाधीश निवृत्त झाला की तो कागद. काम पुन्हा नव्याने दुसऱ्यासमोर चालतं. परीक्षेत मला यावर पाचपैकी पाच मार्क होते.

मी बासन बांधलं. गाठ पूर्वीसारखी बसेना. खाली येऊन मी म्हणाले, "सर, भाषण सापडलं नाही."

"असू दे," ते म्हणाले.

पुढचे दहा-बारा दिवस कसे गेले ते मी प्रामाणिकपणे सांगते. मी काही केलं नाही. पत्र टाइप करून टेबलावर पेपरवेटखाली ठेवलेलं होतं. मीच टाइप केलं होतं. खाली सहीची जागा होती. मी येता-जाता त्याच्याकडे बघायचे. बुधवारी गेटाशी त्या माणसाजवळून जाताना मी भराभर चालायचे. आधी मला त्याची भीती वाटायची. आता मला वाटायचं, हा आपल्याला काही विचारेल. एका बुधवारी पाऊस होता आणि त्याच्या चपलांमध्ये पाणी साचलं होतं. जाताना त्याने त्या उलट्या करून पाणी ओतलं, झटकल्या, आणि घातल्या. मला आबांची आठवण झाली, आणि त्या रात्री मी होस्टेलवर जेवले नाही.

आबांना फोनवर अर्धवट सांगितलं. ते म्हणाले, "मोठ्या माणसाच्या घरातलं हाय. तू पोरगी. जपून." सगळे मला जपूनच म्हणत होते.

मग एका बुधवारी विलंबाचं प्रकरण पक्कं करायचं होतं. मी वाचत होते, साहेब डोळे मिटून ऐकत होते. त्या वाक्यापाशी आले आणि माझा आवाज बंद झाला. मी ठरवून थांबले नव्हते. खरंच पुढे येईना.

"पुढे?"

"सर, हे वाक्य... असंच ठेवायचं?"

बाहेर खोकला आला. साहेबांनी डोळे उघडले, उघडून काही उपयोग नव्हता तरी.

"तू कोणती ट्रंक उघडलीस?"

"मला रंग कळला नाही, सर."

मला वाटलं, आता ते म्हणतील, उठ, जा. त्यांनी हात खुर्चीच्या दांड्यावर सरळ ठेवले.

"दिवाळीच्या सुट्टीत लिहिला मी तो," ते म्हणाले. "मार्चमध्ये निवृत्त होणार होतो. वेळ भरपूर होता. दोन परिच्छेद मनासारखे उतरत नव्हते. पुढे या मुद्द्यावर कोणी शोधलं तर हा निकाल सापडला पाहिजे, असं वाटत होतं. म्हणून ठेवला. मग इतर कामं आली. शेवटच्या दिवशी मी अकरा निकाल वाचले. अकरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आमच्याकडे वाजवत नाहीत तरी. घरी आल्यावर बॅगेत हा निघाला. रेकॉर्ड परत पाठवलं. हा राहिला."

"आणि तो?"

"दुसऱ्या न्यायाधीशांपुढे पुन्हा सुनावणीला यायचा होता त्याचा नंबर. यायच्या आधी शिक्षा संपली."

"सर, त्याला फक्त विचारायचंय."

"मला माहीत आहे त्याला काय विचारायचंय. चिठ्ठी वाचली आहे मी. वाचून घेतली आहे." ते उठले, टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले. "दोन वर्षं मी त्याला बाहेर ठेवलं, कारण आत घेतलं की सांगावं लागेल."

मग त्यांनी मावशींना हाक मारली आणि म्हणाले, "त्याला आत बोलवा. आणि तू ते वर जाऊन घेऊन ये."

मी बासन घेऊन उतरले तेव्हा दारात आवाज चालला होता. "चपला गेटाशी नको ठेवू," मावशी सांगत होत्या, "कुत्रं नेतं. हितं ठेव, उंबऱ्यापाशी." त्याने चपला हातात धरून आणल्या आणि उंबऱ्याबाहेर जोडीने ठेवल्या. पिशवी खुर्चीजवळ जमिनीवर ठेवली. बसा म्हटलं तरी बसला नाही. मावशी दारातच उभ्या राहिल्या, डोळे पिशवीवर.

"साहेब," तो हात जोडून म्हणाला. साहेबांना हात दिसत नव्हते. "मी काय भांडायला नाय आलो."

"माहीत आहे."

"जेलात वकिलाचं कार्ड आलतं. तुमच्याफुडं चाललं, निकाल राखून ठिवलाय म्हणून. आमच्या बराकीत एक शिकलेला होता. तो म्हणला, साहेब इचार करत्यात, चांगला साहेब असला की येळ लागतो. मी म्हणलं, लागू दे. रोज बराक उघडली की वाटायचं, आज." तो थोडा हसला. "मग सुटलोच. वकील म्हणला, शिक्षा भोगून झाली, आता अपील चालवून काय करायचं, काढून घिऊ. त्यानं काढून घेतलं. पण तुम्ही इचार काय केलता, ते राहिलं. तेवढंच सांगा."

साहेब माझ्याकडे वळले. "वाच. मराठीत सांग त्यांना."

मी सांगितलं. बैलगाड्यांचं सांगितलं तेव्हा तो मान हलवायला लागला. "हां. हां. गाड्याच होत्या मधी. मी कोर्टात लय सांगितलं." मी शेवटचं पान सांगितलं. निर्दोष हा शब्द मी दोनदा म्हणाले. त्याचा चेहरा हलला नाही.

"हे कधी लिवलं होतं?" त्याने विचारलं.

"दिवाळीत," साहेब म्हणाले. कोणती दिवाळी तेही सांगितलं.

तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला. "त्या शिमग्याला म्हातारा गेला माझा," तो म्हणाला. "पॅरोल नाय भेटला. मधी हुते की चार महिने. तवा काय करत हुता, साहेब?"

हा प्रश्न त्याने रागाने विचारला नाही. खरंच माहीत करून घ्यायला विचारला.

"भाषा सुधारत होतो," साहेब म्हणाले.

मावशींनी पदर तोंडाला लावला.

"बरं," तो माणूस म्हणाला. "मग आता सही करा."

"मला आता सही करता येत नाही. अधिकार नाही मला."

"गावात माझ्या पोराला अजून खुन्याचा पोरगा म्हणत्यात. तुमची सही असली तर दाखवंन. कोर्टात नको. गावात दाखवंन."

"सही केली तरी तो निकाल होणार नाही. मी तशी सही केली तर ते खोटं होईल."

"मग हे काय हाय?"

"कागद," साहेब म्हणाले.

तो थोडा वेळ सव्वीस पानांकडे बघत राहिला. मग वळला, उंबऱ्यापाशी गेला, आणि चपला पायात घातल्या. मला वाटलं गेला. पण पिशवी खुर्चीपाशी राहिली होती. तो चपला घालूनच आत आला, साहेबांच्या समोरच्या गालिच्यावरून चालत, घाई न करता. पिशवी उचलताना तिचं तोंड उघडं झालं. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद होते, बाकी काही नव्हतं. तसाच चालत तो बाहेर पडला. फरशीवर, व्हरांड्यात, गेटापर्यंत त्या चपला वाजत गेल्या.

"काय वाजतंय?" साहेबांनी विचारलं.

"चपला, सर."

ते खाली बसले. मी टेबलावरची वही पुढे ओढली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. "सर, त्या वाक्याच्या जागी काय लिहू?"

"राहू दे सध्या," साहेब म्हणाले. "विचार करून सांगतो."

उजेड कमी झाला, दिवा कोणी लावला नाही. अचानक साहेब म्हणाले, "तुझं पत्र कुठे आहे? आण. सही कुठे करायची तिथे माझं बोट ठेव."

मी त्यांचं बोट ठेवलं. त्यांची सही सरळ, मोठी, एकही अक्षर न तुटलेली आली.

त्यानंतर मी दिवाळीपर्यंत बंगल्यावर जात होते. दर बुधवारी दोन वाजले की साहेब मान वळवायचे. "आलाय का?" मी बाहेर जाऊन पाहायचे. कडुनिंबाखाली कोणी नसायचं. एकदा मी बाजाराच्या दिवशी गोदाकाठीही जाऊन आले. टोपल्या विकणारे पुष्कळ होते, तो नव्हता. साहेबांनी आता खिडकी उघडी ठेवायला सांगितली होती, आणि खोकला ऐकू येत नाही म्हणून त्यांना जेवण जात नव्हतं. मावशी म्हणाल्या, "होता तवा बरं होतं. कुठं हाय ते तरी माहीत होतं." ते प्रकरण अजून तसंच आहे. साहेबांनी काय लिहायचं ते मला सांगितलेलं नाही.

आणि पत्र मी दिलं. आठवडाभर बॅगेत ठेवलं, मग दिलं. यावर्षी सुट्टीत मी मुंबईच्या त्या चेंबरमध्ये काम करते आहे. फायली आणणं, तारखा लिहिणं, आणि मराठी पक्षकारांशी फोनवर बोलणं, कारण बाकीच्यांना त्यांची भाषा नीट कळत नाही.

गेल्या आठवड्यात एका अपिलाचा युक्तिवाद संपला. पक्षकार पेठ तालुक्यातला, त्याचा भाऊ जेलमध्ये. आमचे वरिष्ठ म्हणाले, "त्याला कळव."

मी फोन लावून म्हणाले, "दादा, काम चालून झालं. निकाल राखून ठेवलाय."

"म्हंजे कधी, ताई?"

माझ्यासमोर डायरी उघडी होती. एका रकान्यात नंबर लिहिलेला, पुढचा तारखेचा रकाना मोकळा. मला काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि माझ्या तोंडून आलं ते मी आधी ऐकलेलंच होतं.

"साहेब विचार करताहेत."

तो म्हणाला, "लागू दे, ताई. काय घाई नाय."